एका वेळी एकच बदल

१

सकाळचा चहा झाला की संगणक सुरू करावयाचा, तो जागा होईपर्यंत चष्मा पुसावयाचा आणि पडदा उजळला की वाचावयास बसावयाचे, असा निवृत्तीनंतरचा माझा क्रम होता. मी एका सरकारी कार्यालयात लेखनिक होतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढचे जे काही आहे ते मी स्वतः वाचून मिळविलेले आहे, आणि संगणकही त्याला अपवाद नाही. कोणत्याही वर्गात न जाता, छापील पुस्तिका आणि शब्दकोश शेजारी ठेवून मी लिनक्स शिकलो. विकतची प्रणाली सोडून लिनक्स घेण्याचे कारण तत्त्वाचे होते. ज्या यंत्रणेच्या आतले लिखाण कोणालाही उघडून वाचता येते, तिच्यावरच वाचणाऱ्या माणसाने विश्वास ठेवावा असे माझे मत होते. ते आजही आहे. फक्त पूर्वीइतक्या खात्रीने मी ते मांडणार नाही.

आमचे घर पुंडलिकनगरात. घरात मी आणि माझ्या पत्नी यमुनाबाई, दोघेच. पुढच्या खोलीत भिंतीला लागून मेज, मेजावर संगणक. मी वाचावयास बसलो की खिडकी माझ्या पाठीमागे येते. खिडकीखाली तिवईवर माठ. माठाच्या झाकणावर दोन पेले उपडे ठेवलेले असत, माझा पितळी आणि यमुनाबाईंचा स्टीलचा. मेजासमोर माझी हातांची लाकडी खुर्ची आणि खिडकीपाशी त्यांची वायरने विणलेली. खुर्च्यांचे आणि पेल्यांचे हे वर्णन कोणास निरर्थक वाटेल. पुढे मला रात्रंदिवस याखेरीज दुसरा विचार राहिला नाही.

तो उन्हाळा २०१६चा. पावसाने लागोपाठ दगा दिलेला होता आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होते. ज्या दिवशी नळ यावयाचा त्या दिवशी घरात माणूस हवेच. तो दिवस चुकला की पुढचा आठवडा टँकरमागे धावण्यात जावयाचा. पुण्याहून आमची कन्या हिमानी दूरध्वनीवर रोज विनवीत होती की दोघेही इकडे निघून या. दोघांना जाणे शक्य नव्हते, आणि एकट्याने जावयास दोघांपैकी कोणी तयार नव्हते.

२

चैत्राच्या सुमारास संगणकाच्या पडद्याने अचानक काम सोडले. यंत्र चालू असे, पंखा फिरे, पण पडदा काळा. मूळच्या यंत्रातील चित्र दाखविणारा भाग जळाला होता. पैठण गेटाकडे इब्राहीमभाई जुन्या संगणकांचे सुटे भाग विकतात. त्यांचा माझा परिचय बऱ्याच वर्षांचा. त्यांनी एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड काढून दिले. बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतून ते आले होते, असे ते म्हणाले.

कार्ड बसविले तरी त्याला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यामधला दुभाष्या. कंपनीचा ड्रायव्हर तयार मिळतो, पण त्याच्या आत काय लिहिले आहे ते कोणास वाचता येत नाही. दुसरा ड्रायव्हर जगभरच्या हौशी माणसांनी आपल्या बुद्धीने लिहिलेला, सर्वांसाठी खुला. मी अर्थातच दुसरा निवडला. तो नीट चालेना. यंत्र सुरू होताना पडदा थरथरे, त्यावर रंगीत पट्टे उमटत, आणि मग सर्व काळे होई.

असे बिघाड मला नवे नव्हते. त्यांची एक शिस्त असते. सुरुवातीलाच ‘नोमोडसेट’ असा शब्द टंकून यंत्र ड्रायव्हरविना उठवावयाचे; चित्र ओबडधोबड येते, पण येते. मग नोंदी वाचावयाच्या, एक गोष्ट बदलावयाची, यंत्र पुन्हा सुरू करावयाचे, परिणाम पाहावयाचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झाले हे कधीच कळत नाही. एका वेळी एकच बदल. कार्यालयातही मी याच रीतीने चुका शोधीत असे.

त्या सकाळी मी असाच एक बदल करून यंत्र सुरू केले. पडदा काळा होण्यापूर्वी, पापणी लवावी एवढ्या अवधीत, पट्ट्यांच्या मागे एक चित्र दिसले. ते एका खोलीचे होते.

३

मी गांगरलो नाही. मी वाचलेले होते की कार्डाला स्वतःची स्मृती असते, आणि ड्रायव्हर नीट चालला नाही तर त्या स्मृतीत पूर्वी पडून राहिलेले एखादे चित्र पडद्यावर डोकावते. कार्ड स्टुडिओतले होते. तेथे कोणाच्या तरी घराची छायाचित्रे असणारच.

मी यंत्र पुन्हा सुरू केले. चित्र पुन्हा आले आणि गेले. या वेळी मी नजर एका जागी रोखून धरली होती. चित्राच्या मागच्या भागात एक खिडकी होती आणि तिच्यापलीकडे गडद निळा पडदा टांगल्यासारखा दिसत होता. खिडकीखाली तिवईवर माठ. पुढच्या बाजूस, जेथे पाहणाऱ्याच्या अगदी समोर काहीतरी असावे, तेथे नेमके रंगीत पट्टे आडवे आलेले होते.

माठ आणि तिवई आमच्या भागात घरोघरी असते. पण खिडकीच्या गजांपैकी एक वाकलेला होता. आमचे लोखंडी कपाट आत आणताना हमालांनी एक गज वाकविला होता, तो तसाच राहिला आहे. मी खुर्चीवर बसल्या बसल्या मागे वळून पाहिले. गज वाकलेलाच होता. त्यापलीकडे शेजारचा मोकळा भूखंड, बाभळीची काटेरी झुडपे आणि लांबवर उन्हात पांढरी पडलेली गारखेड्याकडची घरे.

यमुनाबाई आतून ताटली घेऊन आल्या आणि काय झाले म्हणून विचारू लागल्या. मी म्हणालो, काही नाही, यंत्र बिघडलेले आहे. त्या म्हणाल्या, “ते तर महिनाभर ऐकतेय. यंत्र बिघडलं म्हणून खिडकीकडं काय बघता?”

खोली आरशात दिसावी तशी पडद्याच्या काचेत उमटली असेल, असे मला मग सुचले. काळ्या काचेत प्रतिबिंब पडते. मी तो विचार दिवसभर सांभाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी चित्रातल्या भिंतीवरची दिनदर्शिका मला दिसली. तिच्यावरची अक्षरे सुलटी होती. आरशात अक्षरे उलटतात. शिवाय माझ्या पाठीमागे ऊन होते, आणि चित्रातली खोली अंधारी होती.

४

शेजारच्या भूखंडावर पाया खणण्यास सुरुवात झाली ती त्याच आठवड्यात. माणसांना प्यावयास पाणी नव्हते, पण बांधकामासाठी टँकर रोज येत होते. पिशोरहून आलेला पुंजाराम तेथे रखवालीस होता. दुपारी तो आमच्या ओट्याच्या सावलीत येऊन टेकत असे आणि यमुनाबाई त्याला ताक देत असत. मी त्याला विचारले की आमच्या खिडकीसमोर काय येणार आहे.

“कायबी नाय नानासाहेब,” तो म्हणाला. वसाहतीत मला सर्व जण याच नावाने हाक मारतात. “तुमच्या बाजूनं मोकळी जागा सोडलीय. नकाशात हाय तसं. उजेड लई राहील तुम्हाला.”

मला बरे वाटले. बरे का वाटावे, हे मात्र मी स्वतःला विचारले नाही.

त्यानंतर एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली. ती आधीच लक्षात यावयास हवी होती. यंत्र सुरू होताना पडद्यावर प्रणालीचे नारिंगी बोधचिन्ह येत असे. या कार्डावर ते निळे येत होते. हाही बिघाडाचा एक ज्ञात प्रकार आहे: ड्रायव्हर तांबड्या आणि निळ्या रंगांची अदलाबदल करतो. तांबडे ते निळे दिसते, पिवळट वस्तू निळसर होते. पांढऱ्या, काळ्या आणि करड्या रंगांत फरक पडत नाही.

मी कागदावर हे मांडले आणि लेखणी खाली ठेवली. चित्रात खिडकीपलीकडे दिसत होता तो निळा पडदा नव्हताच. रंग सुलटे केले तर ती गजांपासून हातभर अंतरावर उभी असलेली, गिलावा न केलेली विटांची भिंत होती.

५

मी कार्ड काढून इब्राहीमभाईंकडे नेले. चित्राविषयी थोडेच सांगितले. जुनी छायाचित्रे दिसतात एवढेच. त्यांनी कार्ड आपल्या यंत्रात बसविले, निरनिराळ्या रीतींनी तपासले आणि काहीही दिसले नाही. मी स्मृतीविषयीचा माझा सिद्धान्त मांडला. ते आदबीने ऐकत राहिले. मग हसून म्हणाले, “नानासाहब, कार्ड को याद किधर रहती? लाइट गई की सब साफ. रात भर बंद रखा तो उसमें कुछ बचताच नै.”

हे मला ठाऊक असावयास हवे होते. मी वाचले होते ते अर्धेच वाचले होते. मी म्हणालो, मग हे दुसऱ्या कंपनीच्या कार्डाशी बदलून द्या. त्यांनी दिले. चहा मागविला. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, “नक्को उतना सोचो. कायकू जीव जाळता? मशीन है, आज चली नै तो कल चलेगी. भाभीजान कैसे हैं?”

यमुनाबाईंची चौकशी ते दर वेळी करतात. त्या दिवशी मी नुसते ‘बऱ्या आहेत’ म्हणालो आणि कार्ड पिशवीत घातले.

घरी येऊन मी नवे कार्ड बसविले. बाकी काहीही बदलले नाही. कार्ड वेगळे, म्हणून ड्रायव्हरही वेगळा. बोधचिन्ह येथेही निळेच आले. पट्टे आता जाड होते आणि थोडे वर सरकले होते. त्यांच्या मागे तीच खोली होती, तोच वाकलेला गज, आणि तीच निळी दिसणारी भिंत.

म्हणजे दोष कार्डात नव्हता.

६

दोष कार्डात नाही, ड्रायव्हरमध्ये नाही, काचेत नाही. माझ्या संगणकास कॅमेरा नव्हता. हिमानी घ्या म्हणत होती, मी घेतला नव्हता. बदलून पाहण्यासारखे यंत्रात काही उरले नव्हते. तेव्हा मी खोलीत बदल करण्याचे ठरविले.

भिंतीवरचे घड्याळ पूर्वेच्या भिंतीवर असे. चित्रातही ते तेथेच होते. मी स्टुलावर चढून ते उतरविले आणि दाराच्या चौकटीवर टांगले. दुसऱ्या कशासही हात लावला नाही. यमुनाबाईंनी पाहिले आणि कारण विचारले. मी म्हणालो, प्रयोग आहे. त्या म्हणाल्या की या वयात स्टुलावर चढण्याचा प्रयोग पुन्हा केलात तर हिमानीला सांगेन, मग ती तुम्हाला गाडीत घालून नेईल.

मी मेजाशी बसलो. यंत्र सुरू केले.

पट्टे आले. त्यांच्या मागे खोली आली. पूर्वेच्या भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा होता आणि घड्याळ दाराच्या चौकटीवर होते.

पडदा पुन्हा काळा झाला. शेजारी खडी टाकल्याचा आवाज येत होता. आतून फोडणीचा वास येत होता. ती आमचीच खोली होती, परंतु आजची नव्हे, भिंत उभी राहिल्यानंतरच्या कोणत्या तरी दिवसाची. आज आम्ही जे करीत होतो ते तेथे जाऊन पोहोचत होते.

७

यानंतर पडदा दुरुस्त करण्याची माझी धडपड निराळ्याच कारणाने चालू राहिली. एक एक बदल करीत गेलो की कधी वरचा पट्टा विरळ होई, कधी खालचा. मला खोलीतील वस्तू पाहावयाच्या होत्या. खिडकीपाशी वायरची खुर्ची नव्हती. सर्व खोलीत बहुधा एकच खुर्ची होती, आणि ती समोरच्या पट्ट्यांच्या मागे होती. तिच्यावर कोणी बसले आहे की नाही, ते कळत नव्हते.

मग एके दिवशी माठ स्पष्ट दिसला. झाकणावर एकच पेला उपडा होता.

तो कोणाचा, हे आकारावरून ओळखता येईना. रंगावरून मात्र येत होते. पेला निळसर होता. स्टील करडे असते. रंगांची अदलाबदल झाली तरी ते करडेच दिसले असते. पितळ पिवळे असते, ते निळसर दिसेल. म्हणजे तो पेला माझा होता. त्या खोलीत मी राहिलेलो होतो आणि यमुनाबाई नव्हत्या.

हे मी कोणास सांगणार? यमुनाबाई तेव्हा ओसरीत बसून गहू निवडीत होत्या आणि पुंजारामाला त्याच्या मुलीच्या लग्नाविषयी खोदून खोदून विचारीत होत्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. माझ्या बुद्धीने त्याही स्थितीत एक वाट काढली. यमुनाबाई खोलीत नसणे याचा एकच अर्थ होतो असे नाही. त्या पुण्यास गेल्या असतील, तरीही चित्र असेच दिसेल. त्या येथेच राहिल्या तर त्या नसण्याचे कारण दुसरे काही असेल. तेव्हा त्यांनी पुण्यास जावे.

मी त्याच संध्याकाळी विषय काढला. त्यांना नवल वाटले. महिनाभर मीच नको म्हणत होतो. मी पाण्याचे, उन्हाचे, त्यांच्या गुडघ्यांचे कारण दिले. त्यांनी सारे ऐकून घेतले. शेवटी म्हणाल्या, “मला घालवायची एवढी घाई कशाला हो? त्या डब्याशी एकटं बसायचंय?”

मी म्हणालो, “पाऊस पडला की परत या.”

“आणि नळ आला की पाणी कोण भरेल? तुम्ही वाचत बसाल आणि नळ जाईल निघून.”

“भरीन.”

“माझ्याकडं बघून सांगा.”

मी त्यांच्याकडे पाहून सांगितले. मग त्या उठल्या आणि जाण्याची तयारी करू लागल्या. पिशवी भरताना त्यांनी माठावरचा माझा पितळी पेला उचलून आत बोट फिरविले आणि त्याची कल्हई गेली आहे, हिमानीच्या घराजवळ अजून एक कल्हईवाला बसतो, तेव्हा हा बरोबर नेते, असे म्हणाल्या. मी आनंदाने होकार दिला. इतक्या आनंदाने, की त्या चकित झाल्या. चित्रात माझा पेला होता. तो पुण्यास गेला तर चित्र खोटे पडत होते. मला वाटले, बिघाड सापडला.

८

त्या गेल्यावर काही दिवस मी यंत्र सुरूच केले नाही. नळ आला की पाणी भरले, माठ धुऊन भरला, झाकणावर त्यांचा स्टीलचा पेला उपडा ठेवला आणि त्यानेच पाणी प्यालो. घरात दुसरे पेले नव्हते असे नाही. तो हाताशी होता इतकेच.

पुंजाराम एके दुपारी आला तो ओट्यावर न बसता उभाच राहिला. मालकाने नकाशा बदलला होता. सोडलेली जागा आता सोडावयाची नव्हती. “म्या बोललो त्येंना, म्हातारी माणसं हायत. पण आमचं कोण ऐकतं?” भिंत दिसामासाने नव्हे, डोळ्यांदेखत वर आली. आधी बाभळी गेल्या, मग गारखेड्याकडची घरे, मग ऊन. खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागू लागला. विटांची लालसर सावली माठावर, भिंतीवर, माझ्या हातांवर पडत होती.

त्याच सुमारास माझ्या खुर्चीचा मागचा पाय निसटला. मी पडता पडता वाचलो. पुंजाराम म्हणाला की बांधकामावर सुतार आहे, तो चुटकीसरशी बसवून देईल, आणि खुर्ची खांद्यावर टाकून घेऊन गेला. दोन दिवसांनी पाण्यावाचून बांधकाम थांबले. टँकर येईनासे झाले होते. सुतार आपल्या गावी निघून गेला आणि त्याचे सामान ज्या खोलीत होते तिला मालकाचे कुलूप होते. खुर्ची तीत होती. पुंजारामाने वारंवार माफी मागितली. मी त्याला म्हणालो की काही बिघडत नाही, दुसरी खुर्ची आहे.

खिडकीपाशी वायरची खुर्ची होती. ती उचलून मी मेजासमोर आणली आणि तिच्यावर बसलो. ती थोडी बुटकी आहे. बसल्यावर मी समोरच्या काळ्या काचेकडे पाहिले, आणि मग खिडकीपाशी रिकाम्या झालेल्या जागेकडे.

९

दुसऱ्या दिवशी मी यंत्र सुरू केले. जाणून घेतल्यावाचून राहणे मला कधीच साधलेले नाही. खुल्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली होती. तिच्या नोंदीत लिहिले होते की रंगांच्या अदलाबदलीचा आणि आडव्या पट्ट्यांचा दोष दूर केला आहे. लिहिणारा कोठल्या तरी दूरच्या देशातला सज्जन असावा. मी ती आवृत्ती बसविली. अन्य काही बदलले नाही.

यंत्र उठले. बोधचिन्ह नारिंगी आले, जसे असावयास हवे तसे. पट्टे नव्हते. त्यानंतर चित्र आले आणि या वेळी ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकले.

भिंत विटांची होती, तांबडी. घड्याळ दारावर. माठावरचा पेला स्टीलचा होता. समोरच्या भिंतीची लाली त्याच्या चकचकीत पोटात उतरली होती. रंग उलटे असताना तीच मला निळसर दिसली होती आणि मी तिला पितळ समजलो होतो. समोर वायरची खुर्ची होती. रिकामी.

पडदा काळा झाला.

माझा सिद्धान्त चुकला होता. त्या खोलीत राहिलेली व्यक्ती मी नव्हतो. माझा पेला मी स्वतः आनंदाने बाहेर पाठविला होता, आणि माझी खुर्ची मी काही बिघडत नाही असे म्हणून जाऊ दिली होती. मी पुण्यास दूरध्वनी केला. यमुनाबाईंना म्हणालो, माझा पेला आहे ना? त्या म्हणाल्या की कल्हईवाल्याकडे टाकला आहे, पण त्यानंतर त्याने दुकानच उघडलेले नाही, घरी काही दुःखद झाले म्हणे. मी म्हणालो, तो मिळेपर्यंत तेथेच राहा. घाई करू नका. पाऊस पडला तरीही राहा.

मग त्या म्हणाल्या, “तुमचा आवाज लांबून का येतोय? बाजूला ठेवलाय का फोन?”

फोन माझ्या कानाला होता. मी तसे सांगितले. त्या म्हणाल्या, “काय म्हणालात? ऐकू येत नाही. मी उद्याच निघते.”

१०

त्या आल्या तो दिवस नळाचा होता. फाटकाची कडी वाजली, रिक्षावाल्याशी काही बोलणे झाले, आणि त्या आत आल्या. दारातच थबकून त्यांनी खिडकीकडे पाहिले. “अगं बाई, काय अंधार करून ठेवलाय हा!” पिशवी ठेवून त्यांनी आधी माठात डोकावून पाहिले. माठ भरलेला होता. “भरलंत की,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं नव्हतं.” मला फार बरे वाटले. मी त्यांना खुर्चीची हकीकत सांगितली, भिंतीची सांगितली. त्या ऐकत होत्या असे वाटले. हातांनी पिशवी रिकामी करणे चालू होते. पेला मिळालेला नव्हताच. त्यांनी आपला पेला विसळला, पाणी प्याल्या आणि तो झाकणावर उपडा ठेवला.

नळ यावयास वेळ होता. मी मेजाशी जाऊन बसलो आणि यंत्र सुरू केले. का केले, याचे नीट उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच वाटत होते की त्या आता खोलीत आहेत. हा एक बदल आहे, आणि त्याचा परिणाम पाहावयास हवा.

बोधचिन्ह आले. त्यानंतर चित्र आले. ते गेले नाही. ते स्थिर राहिले, आमच्या खोलीइतके स्पष्ट.

त्या पदराला हात पुशीत माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांनी पडद्यात कधी पाहिले नव्हते. त्या वाकल्या आणि चित्रातही त्या वाकल्या, प्रवासात चुरगळलेले तेच लुगडे, कपाळावर आलेली तीच बट.

“आलं की चित्र,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “ही तर मीच. आणि हा आपला माठ.”

मी पडद्याकडे पाहत होतो. चित्रात त्यांचा एक हात रिकाम्या वायरच्या खुर्चीच्या पाठीवर टेकलेला होता. माझ्या डाव्या खांद्यावर मला त्यांच्या हाताचे वजन जाणवत होते. जाणवत होते असे मी समजत होतो. मी खांद्याकडे वळून पाहावयास हवे होते. मी पाहिले नाही.

“तुम्ही कुठं आहात यात?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो की ड्रायव्हर अजून पुरता दुरुस्त झालेला नाही, काही भाग सुटतात, एखादा बदल करून पाहतो. मी स्पष्ट आणि सावकाश बोललो. त्या पडद्याकडेच पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचे कौतुक हळूहळू उतरत गेले.

“अहो,” त्यांनी पुन्हा हाक मारली. या वेळी त्यांनी मान वळविली होती, आतल्या खोलीकडे. “अहो, कुठं आहात?”

बाहेर मोरीत नळ आला. कोरड्या बादलीत पाण्याची धार पडू लागली. त्या ऐकत उभ्या राहिल्या, हात तसाच ठेवून.